आजी विचारतायत, "द्यायला कोण हाय?"

पत्र चार पानांचं आहे, सगळं छापता येणार नाही, म्हणून थोडक्यात देते.

"मावशी, नमस्कार. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. गेल्या वर्षी माझे धाकटे दीर आणि जाऊ दोघंही गाडीच्या अपघातात गेले. त्यांची मुलगी चिऊ सहा वर्षांची आहे, तेव्हापासून ती आमच्याकडेच आहे. आम्हाला स्वतःची एक मुलगी आहे, अकरा वर्षांची. चिऊला दत्तक म्हणजे पालकत्व कोर्टातून रीतसर घ्यायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. पण घरात माझ्या आजेसासूबाई आहेत, वय ९१, त्यांच्या डोक्यात हे शिरतच नाही. म्हणतात, 'पोरगी कुठं दत्तक घेत्यात व्हय?' मग म्हणतात, 'द्यायला कोण हाय?' आणि मग रडायला लागतात, 'माझ्या बाळूचं नाव पुसू नका.' बाळू म्हणजे माझे हे दीर. दिवसातून दहा वेळा चिऊसमोरच विचारतात की हिची आई कुठं गेली. चुलत सासरे ७६ वर्षांचे, त्यांचं वेगळंच, दत्तक आला की जमीन गेली म्हणतात, आणि तेच म्हणतात की कोर्टबिर्ट कशाला, आजींचा अंगठा घेऊन स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाका. आजींना ऐकायला कमी येतं, मशीन आहे पण लावत नाहीत. या वयात त्यांना समजावून सांगायचं कसं? की सांगूच नये?"

अगं, पहिलं तर तुझ्या पत्रातली एक ओळ मी पेन्सिलीनं गोल करून ठेवलीय. "दत्तक म्हणजे पालकत्व." हे दोन्ही एक नाहीत गं. तू रागावू नको, पण घरात ज्या बाईच्या डोक्यात हे शिरत नाही असं तू लिहिलंयस त्या बाईला तुझ्यापेक्षा जास्त कळायलंय असं मला तुझं पत्र दुसऱ्यांदा वाचताना वाटलं. मी काही वकील नाही, कोर्टाच्या ऑफिसात बावीस वर्षं कारकुनी केली, फायली लावल्या, तेवढ्यावर बोलतेय.

आजी ९१ च्या आहेत, म्हणजे १९५६ साली त्या एकवीस-बावीसच्या, लग्न होऊन घरात रुळलेल्या असणार. हे साल मी मुद्दाम सांगतेय. दत्तकाचा आत्ताचा हिंदू कायदा त्या साली आला. त्याच्या आधी दत्तक फक्त मुलगाच असायचा, मुलीला दत्तक घेण्याची सोयच नव्हती, कारण दत्तक घ्यायचं ते वंश चालवायला, पिंड द्यायला आणि जमिनीला वारस लावायला. आणि मूल द्यायचा हक्क फक्त आई-बापाला. दोघंही वारलेले असतील तर ते मूल दत्तक जाऊच शकत नसे, कारण उचलून देणारं कुणी उरलेलं नाही. घरात कितीही माया असू दे, आजी, चुलता, मामा कुणीच देऊ शकत नव्हतं. नवा कायदा आला तेव्हा कुठं कोर्टाच्या परवानगीनं पालकाला असं मूल देता यायला लागलं.

आता परत वाच. "पोरगी कुठं दत्तक घेत्यात?" "द्यायला कोण हाय?" तुला हे म्हातारपणाचं बरळणं वाटलं, आणि मला तर वाटलं की कुणीतरी जुन्या कायद्याचं पुस्तक उघडून बसलंय. आजी पोरवयापासून जे बघत-ऐकत आल्या ते त्यांना पक्कं लक्षात आहे, त्यांना फक्त मधल्या साठ-सत्तर वर्षांत काय बदललं ते कुणी सांगितलेलं नाही. कोण सांगणार, मिलचा भोंगा, डबा, पोरं, दुखणीखुपणी यात त्यांना कायदा कुठून कळायचा?

आणि गंमत बघ, तुमच्या घराला तर आजचाही हिंदू दत्तक कायदा अडवतो. त्या कायद्यात स्वतःची मुलगी हयात असताना दुसरी मुलगी दत्तक घेता येत नाही, मुलगा असताना मुलगा नाही. तुला मुलगी आहे. म्हणजे "तुला पोरगी हायच की, मग ही कशाला" असं आजी उद्या म्हणाल्या तर तेही बरोबरच. तुम्हाला दत्तक घ्यायचंच असेल तर वाट दुसरी आहे, २०१५ चा बाल न्याय कायदा. त्यात नातेवाईकांनी मूल दत्तक घ्यायची सोय आहे, आणि नातेवाईक म्हणजे कोण तेही त्यात लिहिलंय, चुलता-चुलती, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा. चुलत्याचं घर म्हणजे तुमचं घर बसतंय त्यात. घरात आधीच मुलगी आहे ही अडचण तिथं येत नाही. आई-बाप नसले तर बाल कल्याण समितीची परवानगी लागते, म्हणजे "द्यायला कोण हाय" या प्रश्नाचं आजचं उत्तर हे आहे. 'कारा' म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते, जिल्हा बाल संरक्षण कक्ष ते करून द्यायला मदत करतो. शेवटच्या आदेशाचं काम २०२१ च्या दुरुस्तीनं कोर्टाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिलंय, तेव्हा अर्ज कुठं आणि कसा हे आधी कक्षात जाऊन विचार, नाहीतर उगाच दोन ठिकाणी फी भरून बसशील. आणि हो, मूल पाच वर्षांच्या वरचं असलं तर त्याची स्वतःची संमती लागते. चिऊ सहाची आहे. तुम्ही सगळे नव्वदीच्या बाईला कसं सांगायचं या काळजीत, पण सहाच्या पोरीला कुणी विचारलंय का? पत्रात तरी दिसलं नाही मला.

पालकत्व ही वेगळी गोष्ट. ते १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली कोर्टात अर्ज करून मिळतं. त्यात कोर्ट तुम्हाला चिऊचे पालक नेमतं, शाळा, दवाखाना, पासपोर्ट, बँक सगळीकडे तुमची सही चालते, पण चिऊ मुलगी राहते तिच्या आई-बापाचीच. ती अठरा वर्षांची झाली की ते पालकत्व संपतं, कागदावरचं. तिच्या नावावरचा फ्लॅट-बिट असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता नाही येत की गहाण ठेवता नाही येत. दत्तकात मात्र कायद्यानं नातंच बदलतं. ती तुमची मुलगी होते, जन्मदाखल्यावर तुमची नावं येतात, आणि एकदा झालेलं दत्तक तुम्हाला वाटलं म्हणून मोडता येत नाही.

आता तिसऱ्या वाक्यावर ये. "माझ्या बाळूचं नाव पुसू नका."

आपल्याकडे नाव तीन तुकड्यांचं असतं ना, मधला तुकडा बापाचा. चिऊचं आडनाव तुमचं-त्यांचं एकच, ते तसंच राहणार, पण दत्तक झालं की मधलं नाव बदलणार. तुझ्या दिरांचं जाऊन तुझ्या नवऱ्याचं येणार. शाळेच्या हजेरीत, आधारवर, पुढं लग्नाच्या पत्रिकेत. बाळूचं नाव या जगात जिथं जिथं रोज लिहिलं जात होतं त्यातली ही शेवटची जागा असेल. आजी हे म्हणतायत. त्यांनी नातू गमावलाय, आणि त्यांच्यादेखत त्याच्या नावावर रेघ मारायची तयारी चाललीय, आणि वर सगळे म्हणतायत की आजींना कळत नाही. सांग बघू, कुणाला कळत नाहीये?

मी असं म्हणत नाही की दत्तक घेऊ नका. पण "आजी, काही बदलत नाही हो, नुसते कागद आहेत" असं जर तू त्यांना सांगणार असशील तर ते खोटं आहे, आणि म्हाताऱ्या माणसांना खोटं लगेच कळतं, कान गेले तरी. आधी तुम्ही दोघं नवरा-बायको बसा आणि ठरवा की नक्की काय हवंय. शाळेत-दवाखान्यात सहीची अडचण आहे, एफडी-विम्याचे पैसे अडकलेत, एवढंच असेल तर पालकत्व पुरतं. चिऊला तुमच्या पश्चात तुमच्या मुलीइतकाच हक्क मिळावा, अठरानंतरही ती कागदावर तुमचीच असावी, असं असेल तर दत्तक. माझं मत विचारशील तर अपघाताला अजून धड दीड वर्षसुद्धा झालेलं नाही, आधी पालकत्व घ्या, पोरीला आणि म्हातारीला श्वास घेऊ द्या, दत्तकाचं दोन वर्षांनी बघता येईल, चिऊ तेव्हा आठची असेल आणि स्वतःचं मत नीट सांगेल. पण हे माझं मत, तुमचं घर तुम्हाला माहीत.

माझ्या आजोबांचं सांगते, म्हणजे मी एवढं का लावून धरलंय ते कळेल. ते सात वर्षांचे असताना त्यांना त्यांच्या चुलत्यानं दत्तक घेतलं. मोहोळकडचं गाव, एकाच वाड्यात दोन चुली. भट आला, होम झाला, त्यांना चुलतीच्या मांडीवर बसवलं, गावात साखर वाटली. आणि त्या दिवसापासून त्यांना सांगितलं गेलं की हिला आई म्हणायचं आणि त्या बाईला काकू. ती बाई म्हणजे त्यांची सख्खी आई. मधल्या सोप्यातून रोज दिसायची, आणि हा पोरगा तिला काकू म्हणायचा. ती वारली तेव्हा आजोबा पन्नाशीचे होते, तिच्या उशाशी बसून ते "काकू, काकू" करत होते आणि आजूबाजूच्या बायका तोंडात पदर धरून उभ्या होत्या, हे मी माझ्या आईकडून कितीतरी वेळा ऐकलंय. तेव्हा तुझ्या आजेसासूंच्या पिढीला दत्तक म्हटलं की काय दिसतं ते लक्षात घे. त्यांच्या डोळ्यासमोर जुनं नातं मुळापासून कापायचा विधी असतो. तुमच्या मनात सांभाळायचं असतं आणि त्यांच्या कानावर कापायचं पडतं, शब्द एकच.

म्हणून माझा पहिला सल्ला, आजींपुढं 'दत्तक' हा शब्दच काही दिवस बंद करा. 'सांभाळ' म्हणा. 'चिऊचा सांभाळ आता कोर्टाच्या सहीनं आपल्याकडे' असं म्हणा. हे त्यांना लगेच कळेल, कारण सांभाळ त्यांनीही आयुष्यभर केलाय, प्रत्येक घरात नणंदेचं एक, भावाचं एक असं पोर वाढलेलं असतंच, शाळेसाठी गावाकडून येऊन राहिलेलं. त्यांना त्यांचंच विचार की आजी, तुमच्याकडे कोण कोण राहून शिकलं? बघ कशी नावं निघतात. त्यातलं एखादं हयात असेल तर त्याला घरी बोलव चहाला, साठी-सत्तरीचा तो माणूस आजींच्या पाया पडून बसला की निम्मं काम झालं.

तुझ्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आत्तापर्यंत कुणीतरी शाहू महाराजांचं उदाहरण टाकलं असेलच. खरं आहे ते, कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. तसंच कवळाण्याच्या गोपाळरावांना बडोद्याच्या जमनाबाईंनी १८७५ साली घेतलं, ते सयाजीराव. पण आजींपुढं ही उदाहरणं देऊ नको. ही सगळी गादीला मुलगा आणायची उदाहरणं आहेत, त्यानं आजींचं मत पक्कंच होईल की दत्तक म्हणजे मुलगा आणि दत्तक म्हणजे वारसा. त्यापेक्षा आपल्या अक्कलकोटची गोष्ट सांग. आजी गुरुवारी अक्कलकोटला जात असणारच की पाय चालत होते तोवर. त्या संस्थानाचे पहिले राजे फत्तेसिंह भोसले हे मूळचे पारदचे राणोजी लोखंडे. साताऱ्याच्या छत्रपती शाहूंनी त्या पोराला जवळ केलं, मुलासारखं वाढवलं, भोसले आडनाव दिलं, अक्कलकोट दिलं. साताऱ्याची गादी मात्र त्यांच्याकडे गेली नाही, ती रामराजांकडे गेली. म्हणजे पोटच्यासारखं वाढवणं वेगळं आणि गादीवर बसवणं वेगळं, हे आपल्या भागात तीनशे वर्षांपूर्वीही लोकांना कळत होतं. आजींना यातलं अक्कलकोट ओळखीचं, तेवढं पुरे.

चुलत सासऱ्यांचं आता पटकन आटपते, कारण त्यांना समजवायला प्रेम लागणार नाही, कागद लागेल. त्यांची भीतीही हवेतली नाही. पूर्वी आपल्या मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याची परवानगी नसतानाही दत्तक घेता यायचा, आणि तो दत्तक जणू नवरा वारला त्या दिवसापासूनच मुलगा आहे असं धरायचे, मग वाटणी होऊन गेलेली जमीनही परत मागायला पोरगा उभा. भावकीत यावरून कुऱ्हाडी निघाल्यात. त्यांनी लहानपणी हेच ऐकलेलं असणार. १९५६ नंतर तसं नाही, दत्तक झाल्याच्या तारखेपासूनच मुलगा किंवा मुलगी, आणि त्याआधी ज्याच्या नावावर जे गेलंय ते दत्तक आल्यामुळं काढून घेता येत नाही. पण दुसरी बाजूही त्यांना सांगून टाक. चिऊच्या बापाचा जो हिस्सा असेल तो बाप गेला त्या दिवशीच चिऊचा झालाय, दत्तक होवो, पालकत्व होवो, काहीच न होवो. तो तिच्याबरोबर राहणार. काकांना नक्की कशाची धास्ती आहे, दत्तकाची की चिऊच्या या हिश्शाची, ते मला इथं बसून कळत नाही, तू बघ.

आणि ते अंगठ्याचं. हे अजिबात करू नका. मी शब्द मोजून लिहितेय. ९१ वर्षांच्या बाईला जे नीट ऐकू आलेलं नाही त्यावर तिचा अंगठा घ्यायचा नाही, कुणीही कितीही घाई केली तरी. आणि घेऊन उपयोगही शून्य, आजीला पणती दत्तक 'द्यायचा' अधिकारच नाही, नोटरीचा शिक्का मारला म्हणून तो येत नाही. असे कागद घेऊन लोक यायचे आमच्याकडे दहा-दहा वर्षांनी, पोरीचा पासपोर्ट अडला, पेन्शन अडली की, आणि मग सगळं पहिल्यापासून. वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बायका आणि मुलांना तिथं वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला आडवा येत नाही. बालसंगोपन योजनेचंही बाल संरक्षण कक्षातच विचार, नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलाला दरमहा मदत मिळते त्यातून. लाजू नको, तो चिऊचा हक्क आहे.

आता सगळ्यात अवघड. "हिची आई कुठं गेली?"

यावर मी तीन दिवस विचार करायलेय. नुसत्या आजी असत्या तर मी म्हटलं असतं की दर वेळी खरं सांगू नको, कारण ज्यांना आठवत नाही त्यांना प्रत्येक वेळी ती बातमी नवी असते, दिवसातून दहा वेळा नातसून मेल्याचं ऐकणं म्हणजे दहा वेळा मरण. विषय बदल, फोटो दाखव, काहीतरी कर. पण शेजारी चिऊ बसलीय. आणि तू लिहिलंयस की तुझा नवरा घाईत आजींना म्हणतो, "पुण्याला गेलीय, येईल." बाई गं, ते पोर ऐकतंय. सहा वर्षांचं पोर आतून ठरवतं की मोठी माणसं मला खोटं सांगतायत, आई पुण्याला आहे. नाहीतर उलट, की इथं कुणाच्याच बोलण्यावर विश्वास नाही ठेवायचा. मला आत्तापर्यंतच्या पत्रात सगळ्यात जास्त भीती या "पुण्याला गेलीय"चीच वाटली.

मग दोघींना चालेल असं एकच वाक्य शोधायचं, घरातल्या सगळ्यांनी तेच म्हणायचं, शब्द न बदलता. मला सुचलेलं असं, "आई नाही आता. चिऊ आपल्याजवळ आहे." बस. अपघात नाही, तारीख नाही, दवाखाना नाही. आवाज साधा, रडका नको. आणि लगेच हातात काहीतरी द्यायचं, शेंगा सोलायला, लसूण सोलायला, वाती वळायला. तू म्हणशील की नव्वदीच्या बाईला कामाला लावू? लाव. आयुष्यभर ज्या हातांनी चटणी कुटली ते हात रिकामे राहिले की डोकं मागं मागं जातं. चिऊलाही शेजारी बसव, एक टोपली दोघींत. आजींनी परत विचारलं तर परत तेच वाक्य. थोड्या दिवसांनी चिऊच आजींना ते सांगायला लागली तर घाबरू नको, आणि कौतुकही करू नको की कसं गं शहाणं माझं बाळ, तिच्यावर ती ड्युटी टाकायची नाही.

आणि चिऊला एकटीला घेऊन सांग की पणजी विसरते, मुद्दाम विचारत नाही. आई-बाबांबद्दल तुला काही विचारायचं असेल तर मला विचार. तिचे आईकडचे आजी-आजोबा बार्शीला आहेत असं तू शेवटी ओझरतं लिहिलंयस, त्यांनाही हे सगळं कागदाच्या आधी सांग, नंतर नको. त्यांची तर मुलगी गेलीय.

हे विसरणं किती आहे आणि ऐकू न येणं किती आहे ते मात्र एकदा डॉक्टरला दाखव. "म्हातारपणच ते" म्हणून सोडू नको. बरेचदा अर्धं वाक्य कानावर पडतं, उरलेलं माणूस अंदाजानं भरतं, आणि आपण म्हणतो भ्रमिष्ट झाली. 'कोर्ट' एवढंच ऐकू आलं तर त्यांना वाटणार पोरीला कोर्ट घेऊन चाललंय.

सांगायचं कधी, तर सकाळी. पूजा, चहा झाल्यावर, ऊन अंगणात असताना. संध्याकाळी दिवेलागणीला अजिबात नाही, त्या वेळेला म्हाताऱ्या माणसांचं मन सैरभैर होतं. समोर बसून, टीव्ही बंद करून, एका वेळी एकच गोष्ट. आणि एकानंच सांगायचं, चौघांनी भोवती बसून सभा घ्यायची नाही. आजींचं माहेर इंडीकडचं आहे असं लिहिलंयस ना, मग घरात कुणाला कन्नड येत असेल तर त्याला सांगायला लाव. आपल्या सोलापुरात अशी हजार घरं, संसार सगळा मराठीत झालेला पण दुखलं-खुपलं की तोंडून कन्नड येतं. "नम्म मगळु" म्हणा. आपली मुलगी. दत्तकाचं, कायद्याचं सगळं पुराण सांगून जे होणार नाही ते या दोन शब्दांनी होईल कदाचित.

त्या बहुतेक उलटा प्रश्न विचारतील, तयार राहा. "अठरा वर्षं झाल्यावर घालवणार का तिला?" पालकत्व अठराला संपतं असं कुणी बोलून गेलं तर हा प्रश्न येणारच, आणि तो चांगला प्रश्न आहे. त्याचं उत्तर तुझ्या नवऱ्यानं द्यायचं, तू नाही. नातवाच्या तोंडून ऐकायचंय त्यांना. "नाही आजी, तिचं लग्न याच दारातून." किंवा शिक्षण म्हणा, लग्न हा माझ्या जुन्या डोक्यातला शब्द.

नावाचं काय करायचं तेही तूच सुचव त्यांना, त्या सुचवायच्या आधी. पालकत्व घेतलंत तर सरळ म्हणा की बाळूचं नाव चिऊच्या नावात तसंच आहे, हे बघा, आणि शाळेची वही त्यांच्या हातात द्या. वाचता येत नसेल तरी द्या, बोट फिरवून दाखवा. पुढं कधी दत्तक केलंत तर तेव्हा खरं सांगा की कागदावर नाव बदललं आजी, पण भिंतीवरचा फोटो हलणार नाही आणि वर्षश्राद्धाला चिऊच पुढं बसेल. हे पाळणार असाल तरच सांगा. कायद्यानं नातं तुटतं, फोटो काढायला कायदा कुणाला सांगत नाही.

तू विचारलंयस की तारखेला आजींना कोर्टात न्यायचं का. नको. तिथं बाकावर ताटकळणं, जिने, पंखा नाही. कुणी बोलावलं तर वेगळं. आदेश हातात पडला की घरी या, आजींच्या मांडीवर चिऊला बसवा आणि साखर त्यांच्या हातानं वाटा, आधी चिऊला, मग तुमच्या मुलीला. हो, तुमच्या मुलीला, अकरा वर्षांचीला. चार पानांत तिच्याबद्दल एक ओळ आहे फक्त. तिलाही खोली, आई, कपाट सगळं वाटून द्यावं लागलंय वर्षभरात.

चिऊ तुला अजून काकूच म्हणते आणि लोक म्हणतात आता आई म्हणायला शिकव, असं तू शेवटी लिहिलंयस. माझ्या आजोबांची गोष्ट वर सांगितलीच. तिला काकू म्हणू दे. कधी तिचं तीच बदलेल, कधी नाही बदलणार.

आणि ते कानाचं मशीन आजी का लावत नाहीत ते एकदा बघ गं. आमच्या आत्यानं वर्षभर लावलं नव्हतं, आम्ही म्हणायचो हट्टी आहे, आणि निघालं काय तर आतला सेल संपलेला.